मांडीची सोनोग्राफी कशाला? म्हातारपणी होणारी स्नायूंची झीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोट, नाहीतर गरोदरपण. त्यामुळे पंचाहत्तरीच्या वडिलांच्या चिठ्ठीवर 'दोन्ही मांड्यांच्या स्नायूंची सोनोग्राफी' असं वाचलं की घरची मंडळी काउंटरवर पहिला प्रश्न विचारतात, "हे चुकून लिहिलंय का?" चुकून नसतं. तपासणीच्या खोलीत आणि खोलीबाहेरच्या बाकावर जे प्रश्न पुन्हापुन्हा ऐकले, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे.

वय झालं की अंग झडणारच. त्याला आजार कशाला म्हणायचं?

थोडं झडतंच. पन्नाशीनंतर स्नायू वर्षाला साधारण १ ते २ टक्के घटतात आणि ताकद त्याहून जास्त वेगाने जाते. प्रश्न झडण्याचा नसतो, झडल्यामुळे अडायला लागतं तेव्हाचा असतो. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा टेकू लागतो. देवापुढे पाटावर बसलेल्या आजींना उठवायला कोणीतरी लागतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही. रस्ता अर्धा ओलांडेपर्यंत सिग्नल सुटतो. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, "पडल्यामुळे सगळं बिघडलं." खरं तर मांड्या आटल्या होत्या म्हणून ते पडले, पण तिकडे तोवर कोणाचं लक्ष गेलेलं नसतं.

या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे तुटवडा. अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ इर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९च्या सुमारास हा शब्द सुचवला. आजारांच्या अमेरिकी संकेतसूचीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला मात्र २०१६ उजाडलं.

मग सोनोग्राफी केली की बाबांना सार्कोपेनिया आहे की नाही हे कळेल का?

नुसत्या सोनोग्राफीने नाही. सोनोग्राफी करणाऱ्यानेच हे सांगावं याचं लोकांना नवल वाटतं, पण या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

आधी ताकद बघायची, स्नायू नंतर. पूर्वी नुसतं स्नायूंचं प्रमाण पाहत. पण मांडी भरलेली दिसते आणि माणसाला उठवत नाही, असं कितीदा तरी होतं. म्हणून युरोपातल्या तज्ज्ञगटाने २०१० सालची आपली व्याख्या २०१८ मध्ये बदलली आणि ताकदीला पहिलं स्थान दिलं. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये आपल्या बांध्याच्या लोकांसाठी वेगळे आकडे ठरवले. हातात धरून दाबायचं एक यंत्र असतं. त्यावर पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा किंवा बाईची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर ताकद कमी आहे असं समजतात. हाताचा टेकू न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा चालण्याचा वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी भरला, तर हालचाल मंदावली आहे असं धरतात.

एवढं झालं की मग स्नायू खरोखर किती उरलेत हे मोजायचं. त्यासाठी २०१९च्या या आशियाई आकड्यांत डेक्सा (थोड्या एक्स-रेने हाडं, चरबी आणि स्नायू वेगळे मोजणारी) आणि बीआयए (अंगातून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधणारी) या दोनच तपासण्या धरल्या आहेत. सोनोग्राफीला अजून तो मान नाही. तिचा उपयोग वेगळा आहे, तो पुढे येतोच.

जाता जाता: मुठीची ताकद मोजणं ही काही परदेशी चैन नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८च्या सुमारास देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली, तिच्यात हे मोजमाप घेतलं होतं. तरीही आपल्या किती दवाखान्यांत हे यंत्र टेबलावर दिसतं? रक्तदाबाच्या यंत्राशेजारी ते असायला हवं, असं माझं मत आहे.

दवाखान्यात येण्याआधी घरी काही बघता येईल का?

दोन गोष्टी बघता येतात. बिनचाकांची, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजोबांना दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. बाजूला कोणीतरी उभं हवंच. हात सोडल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल, तर घड्याळ बाजूला ठेवा, उत्तर मिळालं.

दुसरी पोटरी. शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, टेप आवळू नका. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर डॉक्टरांना सांगा. जपानमध्ये तर टेपही घेत नाहीत. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जुळवून कडं करतात आणि ते स्वतःच्याच पोटरीभोवती घालतात. कडं सैल पडलं तर शंका घ्यायची. पायावर सूज असेल तर मात्र टेप आणि कडं दोन्ही फसवतात.

आईचं वजन उलट वाढलंय. तिचे स्नायू कसे झिजतील?

याचं उत्तर पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांच्या फोटोसकट हे छापून आलं. दिसायला बारीक, आतून चरबी, असा आपला घाट आहे.

म्हातारपणी हे जास्त लपतं. स्नायू आटतो, त्या जागी चरबी येते आणि वजनाचा काटा हलतच नाही. 'वजन कायम आहे' या वाक्यावर साठीनंतर फार विसंबू नये. सोनोग्राफीत त्वचेखालची चरबी आणि तिच्याखालचा स्नायू हे दोन थर वेगळे दिसतात, आणि कित्येक घरांना पहिला धक्का तिथेच बसतो.

तपासणीत नेमकं काय करतात?

उपाशी यायचं नाही, पाणी पिऊन लघवी रोखायची नाही. सैल पायजमा किंवा साडी असली की झालं.

आल्यावर दहा-पंधरा मिनिटं उताणं पडून राहायला सांगतो. लोकांना वाटतं डॉक्टरांना वेळ नाही म्हणून ताटकळत ठेवलंय. तसं नाही. उभं राहिल्यावर शरीरातलं पाणी पायांकडे उतरतं आणि आडवं झाल्यावर परततं, त्याने मांडीची जाडी थोडी बदलते. त्याच कारणाने तपासणीच्या दिवशी सकाळी व्यायाम करून येऊ नका.

मग ओटीपोटाच्या बाजूला कमरेचं जे हाड पुढे लागतं तिथपासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावतो आणि बरोबर मध्यावर पेनाने खूण करतो. पाय सरळ, ढिला, बोटं छताकडे. खुणेवर भरपूर जेली घालून प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग, आडवा आणि अगदी काटकोनात धरायचा. पडद्यावर वरून खाली असे थर दिसतात: त्वचा, चरबी, मग मांडीचा पुढचा स्नायू, त्याच्याखाली मधला स्नायू आणि तळाशी मांडीच्या हाडाची पांढरी शुभ्र कड. चरबीच्या खालच्या रेषेपासून हाडापर्यंतचं अंतर म्हणजे स्नायूंची जाडी. तीनदा मोजून सरासरी घ्यायची आणि दुसऱ्या पायावर तेच. वीस मिनिटांत सगळं आटोपतं.

प्रोब इतका हलका का धरता? पोटाच्या सोनोग्राफीला तर जोरात दाबतात.

दाबला तर मांडी चेपते आणि निरोगी स्नायूही बारीक भरतो. उतारवयात मांस सैल असतं, तिथे तर प्रोबचं नुसतं वजनही पुरतं. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये जेलीचा थर पडद्यावर दिसत असेल तर हात हलका आहे असं समजायचं. एका वाक्यात सांगायचं तर या तपासणीतलं निम्मं कौशल्य न दाबण्यात आहे.

मांडीच का? दंड का नाही?

कारण झीज सगळीकडे सारखी होत नाही. मांडीचा पुढचा भाग लवकर आणि जास्त आटतो, मागचा भाग त्यामानाने टिकतो. जमिनीवरून उठणं, जिना चढणं, तोल गेल्यावर सावरणं, ही सगळी कामं पुढच्या स्नायूंची. झटक्यात जोर लावणारे तंतू वयाबरोबर आधी बारीक होतात, म्हणून आजोबा हळू चालतात तोवर ठीक असतात आणि ठेच लागली की सावरत नाहीत. गरजेप्रमाणे पोटरी आणि दंडही बघतात.

पूर्वी पंगत, निवडणं-टिपणं, शौच, सगळं जमिनीशी होतं, म्हणजे दिवसातून वीसेक वेळा मांडीला काम पडायचं. गुडघ्यांसाठी कमोड आणि डायनिंग टेबल आलं हे बरंच झालं, पण ते काम कमी झालं ते झालंच.

फिल्मवर नुसता काळा-पांढरा धूर दिसतो. त्यात बघायचं काय?

चांगला स्नायू काळसर दिसतो आणि त्यात बारीक पांढऱ्या ठिपक्या-रेघा असतात, अमावास्येच्या आकाशासारखा. स्नायूत चरबी आणि तंतुमय जाळं शिरलं की तो राखाडी होत जातो. फार बिघडला तर इतका पांढुरका होतो की खालच्या हाडाची कडही धूसर दिसते. १९८२ मध्ये हेकमॅट आणि सहकाऱ्यांनी स्नायूंचा आजार असलेल्या लहान मुलांसाठी याच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरतात. संगणकावर ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा आकडाही काढता येतो.

जाडी सांगते स्नायू किती आहे, रंग सांगतो कसा आहे. मला स्वतःला रंग जास्त बोलका वाटतो. डेक्सात तो दिसतच नाही. पण एक अडचण आहे: यंत्रावरचं उजेडाचं बटण थोडं फिरवलं की राखाडी स्नायू काळा आणि काळा राखाडी करता येतो. म्हणून दोन वेगळ्या यंत्रांवरचे हे आकडे शेजारी ठेवून भांडू नये.

जाडी किती हवी? रक्ताच्या रिपोर्टसारखी 'नॉर्मल रेंज' का लिहीत नाहीत?

कारण सगळ्यांनी मान्य केलेली तशी रेंज अजून नाही. मोजायचं कसं यावर एकमत व्हावं म्हणून युरोपातल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या 'सार्कस' या गटाने २०१८ मध्ये पद्धत मांडली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. कोणता स्नायू, कोणती जागा, प्रोब कसा, हे त्यात आहे. जाडीखेरीज स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, तंतूंची लांबी, त्यांचा कोन आणि वर सांगितलेला रंगही त्यात येतो.

आकड्याच्या बाबतीत एक सोपा हिशेब बराच वापरतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि तिला बीएमआयने भागायचं. पुरुषात उत्तर १.४पेक्षा आणि बाईत १.०पेक्षा कमी आलं तर स्नायू कमी आहे असं धरतात. समजा जाडी ३० मिलिमीटर आणि बीएमआय २४, तर उत्तर १.२५. आजोबांसाठी हे कमी, आजींसाठी ठीक. मात्र हे आकडे तुर्कस्तानातल्या लोकांवरून काढलेले आहेत. साताऱ्याच्या माणसाला ते तंतोतंत लागू पडतील असं धरून चालू नका. मी रिपोर्टमध्ये ते लिहितो, पण त्यावरून कोणाला आजारी ठरवत नाही.

मग डेक्साच करून घेतलेली बरी नाही का?

जवळ सोय असेल आणि रोग्याला नेता येत असेल तर जरूर करा, हाडांची घनताही कळेल. डेक्साला एक्स-रे लागतात, पण अगदी थोडे. अडचण वेगळीच आहे: यंत्र मोठ्या शहरांत, आणि खुबा मोडलेल्या आजींना तिथपर्यंत नेणार कोण? शिवाय अंगावर सूज असेल तर डेक्सा पाण्यालाही स्नायूंच्या खात्यात टाकते. बीआयएचं यंत्र वजनकाट्यासारखं असतं आणि स्वस्त पडतं, पण तेही पाण्यावरूनच अंदाज बांधतं. पेसमेकर असलेल्यांसाठी ते टाळतात.

सोनोग्राफीला पेसमेकर चालतो का? गुडघा बदललेला असेल तर?

दोन्ही चालतं. दुखत नाही, किरणोत्सर्ग नाही.

मशीन घरी आणून तपासता येईल का? बाबा अंथरुणावरच आहेत.

अगदी रास्त प्रश्न, आणि उत्तर ऐकून लोक चिडतात. इंग्लंडमध्ये फिजिओथेरपिस्टही प्रोब हातात घेऊन रोग्याच्या खाटेशी जातात. आपल्याकडे सोनोग्राफीचं कोणतंही यंत्र, अगदी मोबाइलला जोडायचा प्रोबसुद्धा, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली येतं. यंत्राची नोंदणी लागते, जागेची लागते आणि चालवणाऱ्या डॉक्टरची पात्रताही ठरलेली आहे. उचलून कुठेही न्यायची मुभा नाही. देशभरासाठी हा कायदा १९९४चा, पण महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९८८ मध्येच केला होता आणि तसा करणारं ते पहिलं राज्य.

हा कायदा का आला हे प्रत्येक सोनोग्राफी केंद्रातल्या त्या पाटीवरून आपल्याला ठाऊक आहे, आणि तो ढिला व्हावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण त्याचा एक न ठरवलेला परिणाम असा झाला की ज्या म्हाताऱ्यांना या तपासणीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत मी सरळ सांगतो: ॲम्ब्युलन्स करून मांडीची जाडी मोजायला आणू नका. पोटरी घरी मोजा, यंत्र मिळालं तर पकडही, आणि उपचार सुरू करा.

ऑपरेशननंतर आई पंधरा दिवस पडून होती. तेवढ्यात इतका फरक पडतो?

पडतो, आणि हे फार थोड्यांना खरं वाटतं. अमेरिकेत सरासरी ६७ वयाच्या निरोगी, धडधाकट लोकांना १० दिवस नुसतं अंथरुणात ठेवून पाहिलं होतं. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: १० दिवसांत पायांतलं जवळजवळ १ किलो मांस गेलं. आजार नाही, ताप नाही, फक्त पडून राहणं.

अतिदक्षता विभागात तर विचारूच नका. २०१३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी तिथल्या ६३ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. मांडीच्या पुढच्या स्नायूचा आडवा छेद सोनोग्राफीने मोजला, तर १० दिवसांत तो जवळजवळ १८ टक्क्यांनी घटला होता. ते सगळेच म्हातारे नव्हते. हे मोजता आलं कारण व्हेंटिलेटरवरच्या माणसाला ना खुर्चीतून उठवता येतं, ना मूठ आवळायला सांगता येतं. प्रोब तेवढा त्याच्यापर्यंत जातो. सोनोग्राफीची खरी जागा अशी आहे.

म्हणून आजारपणात 'आराम करू दे त्यांना' हे प्रेमाने म्हणताना जरा थांबा. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी खाटेच्या कडेला बसवा.

झीज दिसली. आता उपाय काय? गोळी आहे का?

यासाठी सर्वमान्य अशी गोळी नाही. मांडीला वजन द्यावं लागतं. नुसतं सकाळी फिरायला जाणं हृदयासाठी उत्तम, मांडीसाठी अपुरं. खुर्चीतून उठबस, पायाला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करणं, टाचा उचलणं, आणि जमेल तसं ओझं वाढवत नेणं, आठवड्यातून दोन-तीनदा, फिजिओच्या देखरेखीखाली. 'या वयात कुठे?' असं विचाराल तर १९९० सालचा एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या घरातल्या १० जणांकडून ८ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या मधल्या भागातला स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच. हे दोन आकडे शेजारीशेजारी लक्षात ठेवा. तीन महिने व्यायाम करून जाडी दोन मिलिमीटरनेच वाढली म्हणून हिरमुसलेल्या आजोबांना मी विचारतो, "पण आता उठताना हात टेकता का?"

खाण्याचं म्हणाल तर ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ५-६, पातळ फोडणीच्या वरणात त्याहून कमी. आता संध्याकाळचा मऊ भात आणि दोन वेळचा चहा-बिस्किटांचा हिशेब करून बघा. दात नाहीत म्हणून उसळ बंद केली असेल तर आधी कवळीचं बघा. मूग-मटकी मऊ शिजवा, पिठलं, ताक, पनीर, चालत असेल तर अंडी आणि मासे रोजच्या जेवणात आणा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

पुन्हा तपासणी कधी करायची?

तीन महिन्यांच्या आत नको. त्याआधी जो एक-दीड मिलिमीटरचा फरक दिसेल तो स्नायूचा की हाताचा, हे सांगता येणार नाही. आणि शक्यतो तेच केंद्र, तेच यंत्र, तोच हात. एका दिवशीचा एक आकडा फारसं सांगत नाही. त्याच मांडीचा सहा महिन्यांपूर्वीचा आकडा शेजारी आला की तो बोलू लागतो.

रिपोर्टमध्ये काय लिहून आलंय हे बघून घ्यावं?

नुसतं 'दोन्ही मांड्यांचे स्नायू कमी' असं लिहिलं असेल तर पुढच्या वेळी त्याचा काही उपयोग होणार नाही. कोणती बाजू, मोजण्याची खूण कमरेच्या हाडापासून किती सेंटिमीटरवर, जाडी किती मिलिमीटर, किती वेळा मोजली, प्रोब कोणता आणि त्या दिवशी पायावर सूज होती का, एवढं मागून घ्या. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तर खुणेची जागा तरी फिल्मच्या पाकिटावर पेनाने लिहून द्या म्हणावं, आणि ते पाकीट वीजबिलांच्या गठ्ठ्यात ठेवू नका.